आईचा गुडघा बदलायचाय: रोबोटिक करावं की साधं?

गुडघ्याचं ऑपरेशन करायचं हे घरात ठरेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज निघून जातात. तेलं, लेप, पट्टे, इंजेक्शनं, ‘त्यांच्या मावशीचं बिघडलं म्हणे’ अशा कहाण्या, हे सगळं झाल्यावर आई एकदाची तयार होते. मग डॉक्टरांच्या खोलीत नवाच प्रश्न समोर येतो. रोबोटिक करायचं की साधं? खर्चातला फरक ऐकून भावंडं एकमेकांकडे बघायला लागतात. स्वस्तातलं घेतलं तर आईसाठी हात आखडता घेतल्यासारखं वाटतं, महागातलं घेतलं तर आपल्याला कुणी गंडवलं तर नाही ना, ही रुखरुख.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेले गुडघे वाकवणं आणि सरळ करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे दोन्ही पद्धतींचे गुडघे हाताखालून जातात. माझं मत आधीच सांगून टाकते. रोबो हे चांगलं अवजार आहे, पण तुम्हाला जे निर्णय घ्यायचेत त्यांच्या रांगेत त्याचा नंबर चौथा किंवा पाचवा लागतो. बहुतेक घरांत तो पहिला घेतला जातो आणि खरे महत्त्वाचे प्रश्न विचारायचेच राहतात.

1. ऑपरेशन खरंच लागतंय का?

एक्स-रे उभं राहून काढलेला असावा. टेबलावर झोपवून काढला तर दोन हाडांमधली फट शाबूत दिसू शकते. अंगाचं वजन पडलं की तीच फट मिटलेली दिसते, म्हणजे मधली कूर्चा झिजून हाडाला हाड लागलंय. ऑपरेशन ठरत असेल तर खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रेही काढतात. पायाला बाक किती अंशांचा आहे, हे त्यातच नीट कळतं.

पण ऑपरेशन एक्स-रेचं करायचं नसतं. फिल्म भयंकर दिसते आणि बाई रोज मंडईत जाऊन भाजी घेऊन येतात, अशी उदाहरणं मी कितीतरी पाहते. त्यांना घाई नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दोन-तीन महिने मनापासून करून, वजन थोडं उतरवून बघावं. उलट रात्री दुखण्याने झोपमोड होते, रोज वेदनाशामक गोळी लागते, गुडघा पूर्ण सरळ होत नाही, पायाचा बाक वर्षागणिक वाढतोय, लग्नकार्याला जाणंही बंद झालंय, अशा वेळी पुढे ढकलण्यात काही हशील नाही. रोजच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात आणि आखडलेला, वाकडा झालेला गुडघा पुढे सर्जनलाही अवघड जातो.

आणखी दोन गोष्टी याच भेटीत विचारून घ्या. दुखणं खुब्यातून किंवा कमरेच्या मणक्यातून तर येत नाही ना? खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि तसं असेल तर गुडघा बदलूनही ते थांबत नाही. दुसरं, झीज फक्त आतल्या बाजूची असेल आणि अस्थिबंध (लिगामेंट) धड असतील तर अर्धा गुडघा बदलून भागेल का? हा पर्याय सगळ्यांना लागू होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना तो सांगितला गेलाच असेल असं धरून चालू नका.

2. टेबलावर नेमकं काय होतं

दोन्ही पद्धतींत बहुतेक ऑपरेशन सारखंच असतं, हे आधी लक्षात घ्या. बहुधा कण्यात भूल देतात. गुडघ्याच्या समोर उभा छेद घेतात, वाटी बाजूला सरकवतात. अख्खा सांधा काढून टाकत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, साधारण 8 ते 10 मिलिमीटर जाडीचं, कापतात. वर कोबाल्ट-क्रोमचं कवच बसतं, खाली धातूची बैठक, आणि मध्ये पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा तुकडा. हे सगळं बहुधा बोन सिमेंटने पक्कं करतात. फरक आहे तो हे काप कुठे आणि किती अंशांत घ्यायचे हे ठरवण्यात, आणि ते घेण्यात.

नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक लांब सळई घालतात. तिच्या आधाराने हाडावर धातूचा साचा ठोकतात, आणि त्याच्या फटीतून करवत चालवतात. सुतार गुण्या लावून रेघ मारतो आणि मग कापतो, तसाच हा प्रकार. काप झाल्यावर सर्जन मधल्या जागेत ठोकळे घालून बघतात. पाय सरळ असताना आणि वाकवल्यावर फट सारखी आहे का, आतला अस्थिबंध जास्त ताणला जातोय का, हे हाताने अजमावतात आणि गरजेप्रमाणे अस्थिबंध थोडे सैल करतात. इथे सर्जनचा हात बोलतो.

रोबोच्या पद्धतीत काही यंत्रांसाठी आधी सीटी स्कॅन करून हाडाचा त्रिमितीय नकाशा तयार केलेला असतो. थिएटरमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडात सहसा दोन-दोन पिना बसवतात आणि त्यांवर खुणांचे छोटे खांब लावतात. समोरचा इन्फ्रारेड कॅमेरा त्या खुणांवर नजर ठेवतो. मग सर्जन एक टोकदार दांडी हातात घेऊन हाडाच्या पृष्ठभागावर ठरलेल्या जागी टेकवत जातात. प्रत्येक टेकवणीला पडद्यावर एक ठिपका उमटतो. असे पुष्कळ ठिपके झाले की यंत्राला कळतं की पडद्यावरचं हाड आणि टेबलावरचं हाड नेमकं कसं जुळतं. त्यानंतर पाय वाकवून, सरळ करून, दोन्ही बाजूंना ताण देऊन बघतात, आणि आतली-बाहेरची फट मिलिमीटरच्या आकड्यांत पडद्यावर येते. हाड कापायच्या आधीच एखादा अंश इकडे, एखादा मिलिमीटर तिकडे असं करून आराखडा बदलता येतो. मला विचाराल तर रोबोची खरी कमाई ही आहे. कापून मग तपासण्याऐवजी तपासून मग कापायचं.

पुढचं यंत्रावर अवलंबून असतं. मॅको नावाच्या रोबोमध्ये करवत यंत्राच्या बाहूला लावलेली असते, पण ती सर्जनच्या हातात असते. आखलेल्या हद्दीबाहेर ती नेऊ लागलं तर बाहू अडवतो. रोसामध्ये बाहू फक्त साचा अचूक जागी धरून ठेवतो, कापतात सर्जनच. कोरीमध्ये हातात धरायचं घासणारं अवजार असतं आणि सीटी लागत नाही. क्युव्हिसमध्ये मात्र आखलेल्या मर्यादेत यंत्र स्वतः हाड घासतं, सर्जन लक्ष ठेवतात आणि हवं तेव्हा थांबवतात. ‘रोबो ऑपरेशन करतो आणि डॉक्टर कॉफी पितात’ हे चित्र कुठल्याच थिएटरमध्ये दिसणार नाही. छेद, स्नायू हाताळणं, अस्थिबंधांचा अंदाज, सिमेंट, टाके, हे सगळं माणसाच्याच हातचं.

3. रोबोने फरक पडतो का?

काप ठरल्याप्रमाणे पडतात, हे नक्की. खुबा, गुडघा आणि घोटा यांच्यातून जाणारी रेषा सरळ यावी अशी अपेक्षा असते आणि तीन अंशांपर्यंतचा फरक परंपरेने चालवून घेतात. त्या तीन अंशांच्या बाहेर जाणारे गुडघे रोबोच्या पद्धतीत कमी असतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मांडीच्या हाडात सळई घालावी लागत नाही, हाही एक फायदा. काही अभ्यासांत पहिल्या काही आठवड्यांतलं दुखणं थोडं कमी आढळलं.

पण रुग्णाला अंशांशी देणंघेणं नसतं. त्याला चालायचं असतं, जिना चढायचा असतो. तिथे फरक विरत जातो. दक्षिण कोरियात सुमारे 1,400 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून अर्ध्यांचं रोबोने आणि अर्ध्यांचं नेहमीच्या पद्धतीने ऑपरेशन केलं होतं. सरासरी 13 वर्षांनंतरचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. चालण्यातलं समाधान, सांधा सैल होणं, पुन्हा ऑपरेशन लागणं, यांत दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता. हे यंत्र जुन्या पिढीतलं होतं, हेही सांगायला हवं. आजची यंत्रं वापरात येऊन अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे ‘रोबोचा गुडघा जास्त वर्षं टिकतो’ असं कुणी ठामपणे म्हणत असेल तर कशाच्या आधारावर, ते विचारा.

‘साधं’ म्हणून जे आपण हिणवतो त्याची कामगिरीही बघून घ्या. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात पूर्ण बदललेले गुडघे 25 वर्षांनीही सुमारे 82 टक्के टिकून असल्याचं दिसलं. त्या पिढीतली जवळजवळ सगळी ऑपरेशनं सळई-साच्याचीच होती.

एक कटू गोष्टही आहे. गुडघा बदलल्यावर साधारण पाचांतल्या एकाचं पूर्ण समाधान होत नाही. रोबो आला की ही तक्रार मिटेल अशी आशा होती, ती अजून तरी पूर्ण झालेली दिसत नाही. कारण असमाधानाची मुळं बरीच वेगळीकडे असतात: व्यायाम न होणं, अवास्तव अपेक्षा, मणक्याचं दुखणं, झोप आणि मनाची अवस्था.

रोबोचे स्वतःचे धोकेही आहेत, जरी ते क्वचितचे. पिनांच्या जागी हाडाला तडा जाऊ शकतो, जखम चिघळू शकते. ऑपरेशनला वेळ थोडा जास्त लागतो, विशेषतः सर्जन यंत्रावर नवे असताना. खुणांचा खांब हलला किंवा यंत्र अडलं तर उरलेलं काम जुन्या पद्धतीने पुरं करावं लागतं.

मग रोबोसाठी जास्तीचे पैसे घालावेत असं मला कधी वाटतं? मांडीचं हाड पूर्वी मोडून वाकडं जुळलं असेल, किंवा त्यात आधीच रॉड किंवा प्लेट असेल, तेव्हा सळई घालायला वाटच नसते. तिथे रोबो किंवा कॉम्प्युटर नॅव्हिगेशन (पडद्यावर मापं दाखवणारी, पण यंत्राचा बाहू नसलेली पद्धत) खरोखर उपयोगी. अर्धा गुडघा बदलताना अचूकतेला जास्त किंमत असते, तिथेही. बाकी नेहमीच्या झिजेच्या गुडघ्याला, सर्जन हातखंडा असेल तर, कर्ज काढून रोबो करू नये.

4. सर्जन आणि सांधा, यंत्राच्या आधी

वर्षाला किती गुडघे बदलता, हे सरळ विचारा. चांगले सर्जन रागावत नाहीत. सतत हेच काम करणाऱ्यांच्या हातून गुंतागुंत कमी होते. रोबोचं विचारत असाल तर ‘या यंत्रावर किती केले’ हा वेगळा प्रश्न, आणि ‘मध्येच यंत्र बंद पडलं तर?’ हा त्याच्या पाठोपाठचा. दुसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही, हाताने पूर्ण करतो’ असं सहज उत्तर आलं की निर्धास्त व्हा. हाताने करण्याची सवय नसलेला सर्जन रोबोवर मला नको.

आणखी एक बाब हॉस्पिटलच्या रंगीत पत्रकात सहसा नसते. बहुतेक रोबो एका कंपनीच्या कृत्रिम सांध्याला बांधलेले असतात. मॅको म्हणजे स्ट्रायकरचा सांधा, रोसा म्हणजे झिमर बायोमेटचा, व्हेलिस म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनचा, कोरी म्हणजे स्मिथ अँड नेफ्यूचा. म्हणजे यंत्र निवडलं की सांधा आपोआप ठरला. हे सगळे सांधे चांगले आहेत, पण तुमच्या सर्जनचा हात ज्या सांध्यावर बसलाय तोच हा आहे का, ते विचारायला हरकत नाही.

5. पैसे

सांध्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. 16 ऑगस्ट 2017 ला राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ती लावली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा सांधा तोवर सरासरी 1,58,324 रुपयांना पडत होता, तो 54,720 रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. टायटॅनियम आणि ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसाठी मर्यादा 76,600 होती. त्यानंतर आकडे थोडेफार बदलत आले आहेत, पण तत्त्व तेच: रोबो असो वा नसो, सांध्याची किंमत मर्यादेच्या वर लावता येत नाही.

मर्यादा फक्त सांध्यावर आहे. थिएटर, खोली, सर्जनची फी, भूल, औषधं यांवर नाही. रोबोचं शुल्क याच मोकळ्या रकान्यांत येतं: यंत्राचा वापर, एकदाच वापरायच्या पिना आणि आवरणं, सीटी स्कॅन. म्हणून ‘पॅकेज इतक्याचं’ एवढ्यावर उठू नका. अंदाजपत्रक लेखी मागा आणि सांध्याची ओळ वेगळी आहे का ते बघा. फिजिओथेरपी किती दिवसांची धरली आहे, हेही त्यातच बघा. पुष्कळ पॅकेजेस डिस्चार्जच्या दिवशी संपतात.

विमा असेल तर दोन कलमं उघडा. सांधेबदलाचा प्रतीक्षाकाल संपला आहे का, हे पहिलं. दुसरं रोबोटिक शस्त्रक्रियेवरची मर्यादा. विमा नियामकाने 2019 मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया आधुनिक उपचारांच्या यादीत घातल्या. त्या पॉलिसीतून वगळता येत नाहीत, पण कंपनीला वरची मर्यादा घालता येते. आरोग्य संजीवनी पॉलिसीत ती विमा रकमेच्या 50 टक्के आहे. पाच लाखांची पॉलिसी आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या माणसाला बिलाच्या खिडकीवर अडीच लाख ऐकू येतात ते यामुळे. पूर्वपरवानगी मागताना ‘रोबोटिक’ हा शब्द अर्जात आहे ना, तेही तपासा.

ज्यांना हे सगळंच परवडणारं नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात जाऊन योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला भेटावं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यावं, आणि गुडघेबदल तुमच्या बाबतीत कुठल्या पॅकेजमध्ये बसतो ते त्याच्याकडूनच विचारून घ्यावं.

6. ऑपरेशनच्या आधीचे काही आठवडे

इथे मिळवलेलं यश कुठल्याही रोबोपेक्षा स्वस्त असतं. साखर ताब्यात आणा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी वर गेलेली असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि बदललेल्या गुडघ्यातला संसर्ग म्हणजे महिनोन्‌महिने चालणारं प्रकरण. किडका दात, लघवीचा संसर्ग, पायाच्या बोटांतल्या चिखल्या, हे सगळं आधी बरं करा. तंबाखू बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा आणि त्या मनाने बंद करू नका.

घरात उंच आसनाचं कमोड किंवा कमोडची खुर्ची लागेल. बसायला हाताची खुर्ची हवी, सोफा नको, तो खोल असतो. पायपुसणी आणि गालिचे गुंडाळून ठेवा. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आतापासून शिकून घ्या. दुखत असताना नवा व्यायाम शिकणं फार अवघड जातं.

अपेक्षांबद्दलही आत्ताच बोलून घ्या. चालणं, जिने, प्रवास, देवदर्शन, हे सगळं जमतं. जमिनीवर मांडी घालणं काहींना जमतं, पण रोज उकिडवं बसणं आणि भारतीय पद्धतीचा संडास सर्जन सहसा नको म्हणतात. रोबोने केलं म्हणून यात काही सूट मिळत नाही.

7. नंतर

बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतात. सगळे लोक गुडघा किती वाकतो याची चौकशी करतात. मी आधी तो सरळ होतो का ते बघते.

एका काकूंकडे गेले होते. रोबोटिक ऑपरेशन, एक्स-रे अगदी आखीव, छेदाची रेघ सुरेख. काकू पलंगावर, आणि गुडघ्याखाली सुनेने प्रेमाने ठेवलेली मऊ उशी. मांडीच्या आणि नडगीच्या रेषेवर कोनमापकाच्या पट्ट्या ठेवल्या तर गुडघा 15 अंश कमी सरळ होत होता. उशीने बरं वाटतं हे खरं, पण गुडघा त्याच वाकलेल्या अवस्थेत आखडतो, आणि मग माणूस जन्मभर लंगडतो. उशी काढली, टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवली आणि गुडघा खाली पलंगाकडे दाबायला सांगितला. काकूंनी मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. टाचेखाली गुंडाळी, दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा मिनिटं: एवढं जरी या लेखातून लक्षात राहिलं तरी पुरे.

वाकणं दोन आठवड्यांत 90 अंशांच्या आसपास आलं की गाडी रुळावर आहे. टाके किंवा स्टेपल साधारण बारा-चौदा दिवसांनी काढतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. बर्फाचा शेक व्यायामानंतर. रात्रीचं दुखणं काही आठवडे पुरतं, त्याने घाबरू नका. गुडघा गरम आणि थोडा सुजलेला काही महिने राहतो. सुधारणा वर्षभर चालू असते, म्हणून दुसऱ्या महिन्यात शेजारणीच्या गुडघ्याशी तुलना करू नका.

डिस्चार्जच्या फाइलमध्ये सांध्याचे स्टिकर चिकटवलेले असतात. त्यावर कंपनी, आकार आणि क्रमांक असतो. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पंधरा-वीस वर्षांनी कुणाला तो गुडघा पुन्हा उघडावा लागला तर ही माहिती सोन्याच्या मोलाची ठरते. यापुढे दात काढायचा असेल तर दंतवैद्याला सांधा बदलल्याचं सांगा.

पोटरी एकदम सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, थंडी वाजून ताप आला तर उद्यावर टाकू नका. गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक आणून देऊ नका, थेट सर्जनला फोन करा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर फोनवर वेळ न घालवता लगेच हॉस्पिटल गाठा. रात्री-अपरात्री लागणारा नंबर डिस्चार्जच्या कागदावर नसेल तर हॉस्पिटलमधून निघण्याआधी मागून घ्या.